चारही चाकांना हात

गोंबोने शेवटचं बोचकं गुडघ्याने आत रेटलं आणि गाडीचं दार आपटलं. दार लागलं नाही. त्याने पुन्हा आपटलं, मग खांदा लावून दाबलं, तेव्हा कुठे कडी बसली. आत कुणाचा तरी पत्र्याचा डबा चेपल्याचा आवाज आला. चेपू दे, असं तो स्वतःशीच पुटपुटला. बोचकी वाहायला बोलावलं आहे, तर बोचकी बोचक्यांसारखीच जाणार.

वसतिगृहाच्या अंगणात पोरांची धांदल चालली होती. पांढऱ्या महिन्याचा सण, म्हणजे मंगोल नवं वर्ष, उद्यावर आलं होतं आणि शरदापासून शाळेत अडकलेली ही पोरं पश्चिमेच्या तळांवर, आपापल्या आईबापांच्या तंबूत जायला निघाली होती. त्यांना नेण्याचं काम आजवर गोंबोचं होतं. त्याची करडी, पावाच्या लादीसारखी चौकोनी रशियन गाडी दाराशी लागली की पोरं जागा पकडायला धावायची. वाटेत हमखास ओकणारी सोलोंगो मात्र पुढे, त्याच्या शेजारी बसायची. तिच्यासाठी तो काचेपाशी एक रिकामी पिशवी अडकवून ठेवायचा. आजही सवयीने त्याने पिशवी अडकवली होती. मग भान आलं तेव्हा ती उपटून खिशात कोंबली. यंदा पोरं झोरिगच्या जीपमधून जाणार होती. गोंबोच्या गाडीने फक्त बोचकी, पिठाची पोती आणि गाद्या न्यायच्या होत्या.

आणि हे सगळं कशासाठी, तर टायरांसाठी.

गोंबोच्या गाडीला रिमोल्डचे टायर होते. नवे त्याला परवडत नव्हते आणि ते लपवावं असं त्याला कधी वाटलं नव्हतं. झिजून गोटा झालेले टायर जिल्ह्याच्या ठिकाणी कारखान्यात द्यायचे. तिथे वरचं रबर खरवडून नवं चढवतात, त्यावर नवी नक्षी पाडतात, की टायर पुन्हा चालायला लागतो. पण त्यासाठी कुठलाही जुना टायर चालत नाही, हे गोंबो ऐकणाऱ्याला आणि न ऐकणाऱ्यालाही सांगत असे. नक्षी आज चढते, उद्या झिजते. बघायचं ते खालचं हाड. त्याने दिलेले चारही टायर त्याने स्वतःच झिजवलेले होते. हवा कमी असताना तो एकदाही त्यांच्यावर चालला नव्हता, एकाच्याही गालाला, म्हणजे बाजूच्या रबराला, दगडाची जखम नव्हती. कारखान्यात कुणाचा टायर कुणाच्या गळ्यात पडेल याचा नेम नाही, म्हणून आपल्या घोड्यांवर उमटवायचा तोच डाग, चंद्रकोर आणि खाली एक आडवी रेघ, त्याने तापल्या लोखंडाने चारही टायरांच्या गालावर वरवरच उमटवला होता. नवं रबर लेवून टायर परत आले तेव्हा डाग जिथल्या तिथे होते. चरायला सोडलेली आपली जनावरं सुखरूप परत यावीत तसं त्याला वाटलं होतं.

हांदाबाईंना हे काही पटलं नाही. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका. पालकांच्या सभेत त्यांनी एका वाक्यात निकाल दिला की रिमोल्डच्या गाडीत लेकरं बसणार नाहीत. बाई उगीच बोलत नव्हत्या, हे गोंबोलाही कळत होतं. गेल्या शरदात त्यांचा धाकटा भाऊ डांबरी रस्त्यावर अपघातात गेला होता. त्याच्या भरधाव ट्रकच्या टायरवर चढवलेलं रबर सुटलं आणि ट्रक उलटला. रस्त्यावर लांबलचक पडलेली ती काळी साल बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. तिथून परत आल्यापासून गावात कुणी रिमोल्ड म्हटलं तरी त्यांचा चेहरा बदलायचा. गोंबोने गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसणं त्याला कधी जमलं नव्हतं.

"रबराने नाही मारलं तुमच्या भावाला," तो भर सभेत उठून म्हणाला. "दुप्पट कोळसा भरला होता त्याने, आणि टायरात हवा निम्मी. तशात तर कोरा टायरसुद्धा फाटला असता."

मेलेल्या माणसाला वर्षही झालं नव्हतं आणि त्याची बहीण समोर उभी होती. बाईंनी हातातला खडू टेबलावर ठेवला, ओढणीचं टोक सारखं केलं आणि पुढचा विषय घेतला. गोंबोचं अक्षर न् अक्षर खरं होतं आणि त्याच्याकडे बघायला कुणी तयार नव्हतं. घरी परतताना त्याची बायको यांजमा पुढे पुढे चालत राहिली. दाराशी आल्यावर मात्र म्हणाली, "पुढच्या वेळी कारखान्यात जाशील तेव्हा जीभही देऊन ये. घासून जरा मऊ करून देतील." त्यानंतर चार दिवसांनी शाळेतून निरोप आला की पोरं जीपमधून जातील, सामान तुम्ही न्या. गोंबो ते ऐकून इतका संतापला की त्याने हातातला चहाचा वाडगा भरलेलाच परत ठेवला. बोचकी न्यायला रिमोल्ड चालतात. म्हणजे टायर इतके वाईट नाहीत, वाईट आहे तो मी. तो नाही म्हणणार होता. पण त्या बोचक्यांत पोरांच्या आईबापांसाठीच्या भेटी होत्या, त्या सणाच्या दिवशी पोचल्या नसत्या तर पोरांनी त्यालाच आठवलं असतं.

झोरिगची पांढरी जपानी जीप फाटकातून आत आली तशी पोरं तिच्याकडे धावली. झोरिग तिशीतला, हसऱ्या तोंडाचा. खाणीवर दोन-तीन वर्षं काम करून परतताना तो ही जीप घेऊन आला होता. टायर कोरे करकरीत, शहरातल्या सपाट रस्त्यांवर शोभतील असे. जीपच्या पाठीवर स्टेपनीचं गोल आवरण होतं आणि त्यावर धावत्या घोड्याचं चित्र.

"रागावलात का, दादा?" त्याने उतरल्या उतरल्या विचारलं.

"बोचक्यांना विचार. मी त्यांचा ड्रायव्हर."

"तुमचं बरं आहे. बोचकी ओकत नाहीत."

गोंबोला हसू येणार होतं, ते त्याने दाबलं. या पोराचा धड रागही करता येत नाही, याचाच त्याला राग आला. झोरिग सामान बघायला पुढे गेला आणि गोंबो जीपभोवती उगीच एक चक्कर मारायला लागला. ड्रायव्हर माणूस दुसऱ्याच्या गाडीजवळ उभा राहिला की त्याचा पाय आपोआप चाकाकडे जातो. मागच्या डाव्या चाकावर चिखल आणि बर्फाचं जाड खरपुड गोठलं होतं. त्याने बुटाच्या टोकाने ते ठोकलं. खरपुड सुटून खाली पडलं आणि टायरच्या गालावर लहान मुलाच्या मुठीएवढा फुगा दिसला.

तो खाली बसला. हातमोजा दाताने ओढून काढला आणि अंगठा फुग्यावर दाबला. अंगठा आत गेला. आतले धागे तुटले होते. भरपूर हवा मारून वेगात जाताना कुठल्या तरी दगडाच्या धारेवर हा पातळ गाल चेचला गेला असणार, आणि आता तेवढ्या जागेत हवेला अडवायला नुसतं रबर उरलं होतं. गावाबाहेर पडलं की कोरड्या नदीचं दगडी पात्र लागतं, त्यापुढे चढ, मग खिंड, आणि खिंडीपलीकडचा उतार. झोरिग त्या उतारावर गाडी सोडतो, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

गोंबो उठून उभा राहिला. "झोरिग," त्याने हाक मारली, "जरा मागे ये."

"आलो, दादा," झोरिग पोरांना आत चढवत म्हणाला, पण त्याआधी हांदाबाई वळल्या. त्यांच्यामागे वसतिगृहाची दुगरमावशी दुधाचं भांडं आणि लाकडी पळी घेऊन पायरीवर येऊन उभी राहिली होती.

"काय आहे ते परत आल्यावर बोला," बाई म्हणाल्या. "दूध बाहेर आलंय."

निघणाऱ्यांच्या वाटेवर शिंपडायचं दूध एकदा बाहेर आलं, की माणसं पोचेपर्यंत वाटेतल्या अडचणीचं नाव काढायचं नाही. मोडेल का, अडकेल का, इतकंच काय, कधी पोचाल हेही विचारायचं नाही. नाव काढलं की ती गोष्ट वाटेवर जाऊन उभी राहते. गोंबो देवळात फारसा जात नसे, लामाने सांगितलेले दिवस तो हटकून विसरायचा. पण हे एक तो मानत होता. लहानपणी त्याच्या बहिणीने घोड्यावर बसलेल्या बापाला विचारलं होतं, बर्फात अडकलात तर काय कराल? बाप अडकला. परत आला तो एका पायाची बोटं गमावून. ती बहीण आता आजी झाली आहे, पण कुणी प्रवासाला निघालं की अजूनही तोंडावर हात ठेवते.

तरी गोंबोने एक प्रयत्न केला. अडचणीचं नाव न घेता जेवढं सांगता येईल तेवढं सांगायचं, असं ठरवून तो बाईंजवळ गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाई, अदलाबदल करू. लेकरं मला द्या. सामान झोरिग नेईल."

हांदाबाईंनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. अंगणात उभे असलेले दोन-चार पालकही पाहायला लागले.

"अजून तेच का, गोंबो?" त्या म्हणाल्या, आणि आवाज मुद्दाम खाली आणला नाही. "सभेत माझ्या भावाला नावं ठेवून झालं. आता लेकरांच्या तोंडावर हे. काम गेलं तर गेलं म्हणावं माणसाने."

गोंबोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काम गेलं म्हणे. कामाची पर्वा करणारा माणूस असता तर सभेत तोंड उघडलं असतं का त्याने? तिथे कुणाचं काही अडलं नव्हतं तेव्हा जीभ सुटली, आणि आज जिभेची गरज आहे तर ती बांधलेली. फुगा आहे. दोन शब्द. ते दोन शब्द त्याच्या दातांच्या मागे येऊन थांबले. जीपच्या काचांना पोरांची नाकं लागली होती. सोलोंगोने आतूनच त्याला हात केला. त्या पोरांच्या डोक्यावर हे दोन शब्द टाकायचे आणि मग त्यांना त्याच वाटेने धाडायचं, हे त्याच्याने होईना. झोरिग पुढचं दार लावून स्टेअरिंगकडे निघाला होता. मावशीने पळी दुधात बुडवली होती.

गोंबो जीपच्या मागे गेला. बुटात खोचलेली टोच्यासारखी टोकदार आरी त्याने काढली. नक्षीत अडकलेले खडे उकरायला ती त्याच्याजवळ नेहमी असायची. तो वाकला आणि त्याने आरी मुठीपर्यंत टायरच्या गालात खुपसली.

थंडीत तो फुसकारा साऱ्या अंगणाला ऐकू गेला. जीप एका कुशीला कलली, आत पोरं ओरडली आणि मग हसली. हांदाबाई धावत मागे आल्या तेव्हा गोंबो आरी हातात घेऊन तसाच उभा होता. ती लपवायचं त्याला सुचलंही नाही.

"हे काय केलंत?"

"दिसतंय ते."

"लेकरांची गाडी आहे ती," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "इतक्या वर्षांत तुमच्या जिभेची भीती वाटायची मला. तुमच्या हातांची कधी वाटली नव्हती."

हे गोंबोला लागलं. असं लागलं की त्याने तोंड उघडलं. सगळे त्याच्याकडे बघत होते, पालक, मावशी, काचेमागची पोरं. मावशीच्या हातातली पळी अजून भरलेलीच होती. गोंबोने तोंड मिटलं आणि आरी पुन्हा बुटात खोचली. एक बाप पुढे आला, त्याने गोंबोच्या छातीला हात लावून त्याला मागे ढकललं आणि थुंकला. तो माणूस दर सणाला गोंबोसाठी सुकवलेल्या दह्याच्या वड्या पाठवायचा.

झोरिगचं हसू मात्र मावळलं होतं. जॅक लावावा म्हणून त्याने पोरांना खाली उतरवलं. मग स्टेपनीच्या आवरणाची चेन सरकवताना त्याचा हात रेंगाळला. बाईंनी घाई केली तेव्हा त्याने आवरण उघडलं. आत चाक नव्हतं. तिथे मिठाईचे पुडे, रंगीत कागदात गुंडाळलेली साखर आणि कुणासाठी तरी घेतलेली लोकरी टोपी होती.

"नवे टायर आहेत म्हणून स्टेपनी जिल्ह्यालाच ठेवून आलो," तो कुणाकडेही न बघता म्हणाला. "जागा होईल असं वाटलं."

बाईंनी दुसऱ्या गाडीची चौकशी केली. पंचायतीची जीप जिल्ह्याला गेली होती. दुकानदाराच्या ट्रकची बॅटरी घरात शेगडीजवळ पडली होती. उत्तरेकडून वारा सुटायला लागला होता. आता निघालं नाही तर पोरांचा सण वसतिगृहाच्या रिकाम्या जेवणघरात जाणार, हे सगळ्यांना कळत होतं. गोंबोने खिशातून किल्ली काढली आणि झोरिगसमोर धरली.

"बोचकी उतरवा. लेकरं माझ्या गाडीत बसव. तू चालव, मी येत नाही."

"बघा," तो बाप म्हणाला, "शेवटी आपलीच गाडी पुढे केली."

"म्हणूनच येत नाही," गोंबो म्हणाला.

झोरिगने किल्ली लगेच घेतली नाही. आधी जीप सरळ उभी करू, असं म्हणत त्याने पान्याने नट सैल केले, चाक काढलं आणि आडवं टाकलं. भोक कुठे आहे ते बघायला त्याने हात फिरवला. गोंबो बघत होता. झोरिगची बोटं टायरच्या गालावरून सरकत गेली, एका जागी थांबली, परत मागे आली. हवा गेल्याने फुगा बसला होता, पण तिथली कातडी सैल पडली होती आणि आरीचं भोक बरोबर तिच्या मध्यावर होतं. झोरिगने अंगठा दाबला. अंगठा आत गेला. त्याने तो बराच वेळ काढला नाही.

मग त्याने मान वर केली. त्याचे ओठ हलले, आणि त्याची नजर दुधाच्या पळीवर गेली. ओठ मिटले. चेहरा मात्र पांढराफटक पडला होता.

"झोरिग," हांदाबाईंनी विचारलं, "नेशील तू?"

"नेतो, बाई."

"या टायरांवर?"

झोरिग उठला. अंगरख्याला हात पुसले आणि गोंबोच्या हातातून किल्ली घेतली.

"याच टायरांवर," तो म्हणाला.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या हो म्हणाल्या नाहीत, पण नाहीही म्हणाल्या नाहीत. त्यांनी स्वतःच एक बोचकं बाहेर ओढायला घेतलं, ते जड होतं, आणि गोंबो मदतीला पुढे झाला तशी त्यांनी हाताने त्याला दूर सारलं. मग तो पलीकडच्या दाराने आत शिरला, खिशातली चुरगळलेली पिशवी काढून सरळ केली आणि पुढच्या काचेपाशी पुन्हा अडकवली. सोलोंगो चढून बसली तेव्हा तिने ती पिशवी हाताने चाचपून पाहिली आणि मग मांडीवर हात ठेवून स्वस्थ बसली. तुम्ही का नाही येत, असं तिने विचारलं. बोचकी राखायला कुणीतरी पाहिजे ना, असं तो म्हणाला.

झोरिग खिडकीतून वाकला. "दादा, हिचं काही सांगायचं आहे?"

"पन्नासच्या वर नेऊ नको. नदीचं पात्र ओलांडलं की उतरायचं आणि चारही चाकांना हात लावायचा. हातमोजा काढून. मी दर वेळी लावतो."

"लावीन."

दुगरमावशीने आधी आकाशाकडे दूध उडवलं, मग गाडीच्या मागोमाग चालत चालत वाटेवर. एक पळी तिने चाकांवर टाकली. चंद्रकोरीच्या डागावरून दुधाचा ओघळ खाली आला आणि तिथेच गोठला. गाडी फाटकातून बाहेर पडली. आतून पोरांनी गाणं सुरू केलं होतं, ते वाऱ्याने तुकड्या-तुकड्याने येत राहिलं.

अंगणात एका चाकाविना जॅकवर उभी जीप, बोचक्यांचा ढीग आणि ते काढलेलं चाक एवढंच उरलं. पालक एक-एक करून निघून गेले. जाताना एक-दोघं त्या चाकाकडे वळून बघत होती. भोक आणि त्याभोवतीची सैल कातडी वरच्या बाजूला होती, जरा वाकून पाहिलं असतं तर कुणालाही कळलं असतं. मग कुणीतरी ते मोठ्याने बोललं असतं, इथे, अंगणात, आणि पोरं अजून नदीपर्यंतही पोचली नव्हती. गोंबो गेला, त्याने चाक कडेला धरून उभं केलं आणि दुसऱ्या कुशीवर पालथं घातलं. धड बसलं आहे ना, ते पायाने दाबून पाहिलं. आपण आपलाच एकुलता एक साक्षीदार जमिनीत तोंड खुपसून झोपवला, हे त्याला पुरतं कळत होतं, आणि त्याने त्याचा संताप कमी झाला नाही, वाढलाच.

हांदाबाई आल्या आणि त्याच चाकावर बसल्या.

बसून त्या बोलल्या, आणि जे बोलायचं होतं ते सगळं बोलल्या. यापुढे शाळेच्या अंगणात गोंबोची गाडी दिसणार नाही. त्या पंचायतीत सांगतील. झोरिगचा टायर त्याने भरून द्यायचा. भाऊ गेला तेव्हा गोंबो चूल पेटवायला आला होता, लाकडं फोडली होती, ते त्या विसरल्या नव्हत्या, आणि म्हणूनच त्यांना हे जास्त जिव्हारी लागलं. गोंबो समोर उभा राहून ऐकत होता. त्याच्या मुठी हातमोज्यांत आवळलेल्या होत्या. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर बाईंना हाताला धरून उठवलं असतं आणि चाक उलटं करून दाखवलं असतं. कालपर्यंतचा तो स्वतः असता तर त्यानेही तेच केलं असतं.

"तुम्हाला काहीच म्हणायचं नाही?" शेवटी त्यांनी विचारलं.

"आहे."

"मग?"

"पोचू दे त्यांना. तळावरून फोन आला की सांगतो."

"तेव्हा सांगायला काय उरणार आहे?" बाई म्हणाल्या आणि त्यांनी तोंड फिरवलं.

दोघंही मग पश्चिमेकडे बघत राहिली. करडी गाडी दगडी पात्रात उतरली, दिसेनाशी झाली, आणि बऱ्याच वेळाने पलीकडच्या चढावर एवढीशी होऊन वर आली. थोडी पुढे गेली. आणि भर चढावर, मोकळ्या माळात, थांबली.

हांदाबाई ताडकन उठल्या. "बघा," त्या म्हणाल्या, "बघा, म्हटलं नव्हतं मी, तुमचे ते..." आणि त्यांनी स्वतःच तळहाताने तोंड दाबून धरलं. हाताच्या वर त्यांचे डोळे विस्फारले होते.

गोंबो डोळ्यांवर हात धरून बघत होता. गाडीतून एक माणूस उतरला. तो पुढच्या चाकाशी वाकला. उठला, मागे गेला, पुन्हा वाकला. गाडीच्या पलीकडे गेला तेव्हा दिसेनासा झाला.

"काही नाही, बाई," गोंबो म्हणाला. "बसा. हात लावून बघतोय."

तो पुढून फिरून परत आला. दार उघडून बंद झालं असावं, कारण गाडी हलली आणि सावकाश खिंडीच्या वाटेला लागली. बाई हात खाली घेऊन तिच्याकडे बघत राहिल्या आणि मग परत चाकावर बसल्या.